पावसाळी कृषी सल्ला: नागपूर विमानतळाच्या विस्ताराला हरकत घ्यायची असेल तर कागद आताच तयार करा

खापरी, शिवणगाव, जयताळ्यापासून हिंगण्याकडच्या शिवारापर्यंत सध्या पऱ्हाटी (कपाशी) पात्या-फुलांवर आहे, सोयाबीन शेंगा भरतंय आणि आंबिया बहाराची संत्री पोसतायत. विमानतळाभोवतीच्या मिहान प्रकल्पाच्या आराखड्यात दुसरी धावपट्टी आहे, हे या पट्ट्यातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. विषय निघाला की पारावर दोन गट पडतात. एक मोबदल्याचा आकडा विचारतो, दुसरा विरोधाच्या घोषणा देतो. दोघांनाही उद्या जे पुरावे लागतील, ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या याच दिवसांत वावरात उभे असतात. दिवाळीनंतर ते दाखवता येत नाहीत.

याचं कारण साधं आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार विमानतळाच्या प्रकल्पासाठी अहवाल तयार करावा लागतो. त्यातली हवा, पाणी, माती यांची प्रत्यक्ष मोजणी साधारणपणे एकाच हंगामाची असते, तीही पावसाळा सोडून. म्हणजे अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराची गाडी तुमच्या शिवारात येते ती हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात. तेव्हा नाला म्हणजे गवताची पट्टी असते आणि काळ्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पोळ्याच्या सुमारास तिथून किती पाणी वाहतं, हे त्या माणसानं पाहिलेलंच नसतं. तुम्ही दरवर्षी पाहता, फक्त लिहून ठेवत नाही.

आधी पाण्याचा हिशेब समजून घ्या. सध्याची धावपट्टी ३२०० मीटर लांब आहे. तेवढ्याच लांबीची आणि ४५ मीटर रुंदीची आणखी एक पट्टी झाली, तर सुमारे साडेचौदा हेक्टर जमीन डांबर-काँक्रीटखाली जाते. तिच्यावर दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि नागपुरात तो पडतोच, तर जवळपास ७२ लाख लिटर पाणी कुठेतरी वाट काढणार. टॅक्सी-वे (विमानं धावपट्टीपर्यंत नेण्याचे रस्ते), विमानं उभी करायची जागा, गोदामांची छपरं हे सगळं वेगळंच. समोरचा तज्ज्ञ म्हणेल, ऑगस्टअखेर तुमची काळी माती तुडुंब झालेली असते, तिच्यावरूनही पाणी वाहतंच. त्याचं म्हणणं चूक नाही. पण भेगाळलेली जमीन जूनचे पहिले पाऊस गिळते, नंतरचं पाणी तासातासांतून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, हळू सरकतं आणि गावकऱ्यांना ठाऊक असलेल्या वाटेनं जातं. काँक्रीटवरून ते एकदम येतं आणि कंत्राटदारानं काढलेल्या नालीतून येतं. ती नाली कुणाच्या धुऱ्यावर (बांधावर) सोडली आहे, हाच प्रश्न विचारायचा.

तो विचारण्यासाठी आजची वाट नोंदवा. नाल्याच्या बाजूनं धुऱ्यावर लोखंडी पाइप किंवा बाभळीची जाड खुंटी पक्की ठोका आणि तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या फुटावर रंगाची खूण करा. जोराचा पाऊस झाला की पाणी कोणत्या खुणेला लागलं आणि किती वेळानं उतरलं ते वहीत लिहा. तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर छापणारं ॲप मोबाइलमध्ये असतंच, त्यानं फोटो काढा. त्या दिवशी तुमच्या महसूल मंडळात किती पाऊस झाला, तो महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्यातल्या केंद्राचा आकडा शेजारी टाका. अशा आठ-दहा नोंदी झाल्या तरी भरपूर.

पाणी साचलंच तर पिकाकडेही बघा. सोयाबीनचा खोलगट कोपरा आधी पिवळा पडतो. तिथून उताराच्या दिशेनं तास मोकळा करून पाणी काढून द्या. पऱ्हाटीत उघडीप मिळून कडक ऊन पडलं आणि मग जोराचा पाऊस झाला की चांगली झाडं अचानक माना टाकतात. अशा वेळी पहिल्या काही तासांत पाण्याचा निचरा करणं हाच मोठा उपाय. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं डोमकळी झालेली, म्हणजे न उमलता मिटलेली दिसली, तरच फवारणीचा विचार करा.

संत्र्याला पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. झाडाच्या बुंध्याशी वाका, माती थोडी बाजूला सारा आणि साल बघा. तपकिरी ओला पट्टा आणि मधासारखा डिंक दिसला तर तो डिंक्या. रोगट साल धारदार चाकूनं खरवडून तिथे बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. खरवडलेली साल बागेत टाकू नका, जाळा. बागेत दोन ओळींआड उताराला चर काढा. किती झाडं गेली, किती वयाची होती, कोणत्या ओळीतली, हे झाडाला क्रमांक देऊन लिहा. नाली बागेकडे वळली तर पुढच्या वर्षी याच यादीशी ताडून बघता येईल.

विहिरीची पातळी मोजायला टेपला वजन बांधलं की झालं. सकाळी मोटार सुरू करायच्या आधी, कठड्याच्या ठरावीक खुणेपासून, महिन्यातून एकदा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमचं मोजमापही त्या चार महिन्यांत चुकवू नका, म्हणजे सरकारी आकड्याशेजारी तुमचा आकडा ठेवता येतो.

आता ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून आपल्या पिकाची सातबारावर नोंद. शेतकऱ्यांसाठीची मुदत साधारण १ ऑगस्टला सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. अनेक जण फक्त पीक भरतात. सिंचनाचं साधन आणि बांधावरची झाडं रिकामी सोडतात. हा आळस फार महागात पडतो. सातबारावर कोरडवाहू लिहिलेलं वावर ओलिताचं होतं, हे नंतर सांगून कोण ऐकणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्यात फळझाडं आणि उभ्या पिकाचं मूल्य ठरवताना शेती-फलोत्पादनातल्या जाणकारांची मदत घेण्याची तरतूद आहे. त्या जाणकारापुढे कळमन्याच्या बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) ठेवल्या तर बोलणं सोपं होतं. तेव्हा पट्ट्या खिशात चुरगाळू नका, फाइलला लावा.

हरकतींचे रस्ते दोन आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. जमीन घेण्याची प्राथमिक अधिसूचना २०१३ च्या कायद्याखाली निघाली, तर ६० दिवसांत लेखी हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे. पाणी, धूळ, आवाज, झाडं यांबद्दलचं म्हणणं पर्यावरणाच्या जनसुनावणीत. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान ३० दिवसांची सूचना वर्तमानपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळायला हवा. सुनावणीला जाता आलं नाही तरी लेखी म्हणणं देता येतं. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

माझं मत विचाराल तर, सुनावणीत ‘शेतकरी उद्ध्वस्त होईल’ हे वाक्य कमी वेळा यावं. त्यावर टाळ्या पडतात आणि इतिवृत्तात एक ओळ येते. त्याऐवजी गट क्रमांक सांगा, खुंटीची नोंद वाचा आणि विचारा: पावसाळ्यातलं वाहतं पाणी कुणी, कधी मोजलं? भरावाचा मुरूम कोणत्या खाणीतून येणार आणि टिप्पर कोणत्या पांदणीनं (शेतरस्त्यानं) जाणार? ऐन बहारात पानांवर बसणाऱ्या धुळीचं काय? असे प्रश्न नोंदले गेले की प्रकल्पवाल्यांना उत्तर द्यावं लागतं. पर्यावरण मंजुरी निघालीच आणि ती मान्य नसेल, तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करता येतं. त्याची मूळ मुदत ३० दिवस आहे, म्हणून वकील आधीच बघून ठेवा.

आपल्या बाजूनंही पथ्य आहे. विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील अशी घाण उघड्यावर टाकायला मनाई आहे. पावसाळ्यात ढोर दगावलं तर नाल्यात ओढून टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, नाहीतर घारी आणि कुत्रे दोन्ही जमतात. फवारणीसाठी ड्रोन बोलावणार असाल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपलं वावर कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येतं ते बघा. लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि विमानतळाला लागून असलेल्या वावरांत पाठीवरचा पंपच बरा.