तिथी बघा, मग दुर्बीण काढा

सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यावर पक्षी बघायला निघायचं तर पहिली तयारी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी. तिथी बघायची आणि तिच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. द्वादशीला नऊच्या सुमारास भरती पूर्ण, चतुर्दशीला साडेदहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण काम भागतं.

हा हिशोब मला अलिबागजवळच्या आक्षीच्या एका कोळीकाकांनी शिकवला, तोही माझी फजिती झाल्यावर. अष्टमीच्या सकाळी आठ वाजता मी ऐटीत स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावून उभा, आणि पाणी सहालाच भरून परत फिरलेलं. चिखल्यांचा (प्लोव्हर पक्ष्यांचा) थवा त्या पाण्यामागे सरकत सरकत नुसते ठिपके होऊन गेला. "भांगाचे दिवस आहेत," काका म्हणाले, "उधाणाला या." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढणारी भरती, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी.

पाणी चढतं तसा चरायचा गाळ बुडत जातो आणि पक्षी आपोआप आपल्याकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोन-अडीच तास आधी जाऊन एका जागी बसावं. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला, सकाळी ऊन पाठीशी असतं. संध्याकाळी सगळे पक्षी काळे दिसतात. तेव्हा द्वादशी ते प्रतिपदा, सकाळची वेळ. बाकीचे दिवस वाडीतल्या ओहोळावर करडा धोबी पक्षी आलाय का ते बघण्यात घालवावेत.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) पुरते. भिंग खाऱ्या वाऱ्याने चिकट होतं. आधी फुंकणीने वाळू उडवा, मगच कापड लावा, नाहीतर ओरखडे ठरलेले. पायात बंदाचे कॅनव्हासचे बूट हवेत. चपला गाळात राहतात आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा तळवा चिरतात. टोपी, पाणी, मळखाऊ रंगाचा शर्ट, हे सांगायला नकोच.

वही मात्र विसरू नका, कारण या दिवसांत पुस्तकातली चित्रं दगा देतात. लडाख-तिबेटकडून येणाऱ्या सँड प्लोव्हर या चिखल्यांमध्ये प्रौढ पक्षी आधी पोचतात, छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून पुसट शिल्लक असतो. मागून येतात ती त्या वर्षीची पिल्लं, पाठीवरच्या पिसांना फिक्या कडा असलेली. त्यामुळे एकाच थव्यात तीन जाती आहेत असं वाटतं आणि निघते एकच. चोचीची लांबी आणि पायांचा रंग लिहा, नाव घरी येऊन ठरवा. पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर कोणता पाय, वरून खाली कोणते रंग, कोणती अक्षरं, तेवढं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

पूर्ण भरतीला सगळे थवे कोरड्या पट्ट्यावर दाटीने विसावतात. फोटोसाठी जवळ जायचा मोह तेव्हाच होतो. माना वर झाल्या की थांबा, चालायला लागले तर मागे या. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला उगाच उडवण्याइतका कोणताही फोटो मोलाचा नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्रं तर घरीच ठेवा.

परतीचा पाऊस दुपारी न सांगता येतो, म्हणून पिशवीत प्लॅस्टिकचा एक मोठा कागद असावा. पण पूर्वेला डोंगरावर गडगडायला लागलं की कागद शोधत बसू नका. स्कोपचे पाय मिटा आणि सुरूच्या बनाखालीही न थांबता थेट गावातलं पक्कं घर गाठा. मोकळ्या पुळणीवर सगळ्यात उंच आपणच असतो.