क्रॉनवर सोपवलेला बॅकअप : या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरचा रोजचा बॅकअप क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सेवेवर, सोपवला की आपले काम संपले, असे मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी डेटा नजरचुकीने पुसला गेला, तेव्हा रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) कित्येक दिवस निघतच नव्हता हे उघडकीस आले. डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या ९.६ आवृत्तीवर आणि डंप घेणारी आज्ञा ९.२ ची, त्यामुळे डंप अयशस्वी होत होता, असा तो बिघाड होता. क्रॉन त्याची सूचना ईमेलने पाठवत होता, पण ती ईमेल डीमार्कच्या (ईमेल पाठवणारा खरा आहे का, हे पाहणाऱ्या पद्धतीच्या) तपासणीत नाकारली जात होती.

हाताने चालवलेली स्क्रिप्ट रात्री चालत नसेल, तर आधी 'पाथ' (आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) तपासावा. क्रॉनला आपल्या लॉगिनचा पाथ मिळत नाही, म्हणून आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहावेत. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन आज्ञा तिथेच तोडतो. फाइलच्या नावात तारीख घालताना हे हमखास घडते, त्यामुळे त्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर रात्री दोनला लावलेले काम भारतात सकाळी साडेसातला सुरू होते, हेही ध्यानात ठेवावे.

याहून फसवी चूक पाइपमध्ये, म्हणजे एका आज्ञेचे आउटपुट पुढच्या आज्ञेला देणाऱ्या जोडणीत, दडलेली असते. डंप अयशस्वी झाला तरी त्यापुढचे जीझिप (फाइल दाबून लहान करणारी आज्ञा) व्यवस्थित संपते आणि शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) त्याचाच निकाल ग्राह्य धरते. परिणामी फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल दिसते, पण तिचा आकार अवघा २० बाइट असतो. स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये लिहून 'पाइपफेल' (पाइपमधली कोणतीही आज्ञा फसली तरी निकाल अयशस्वी धरणारा पर्याय) चालू करावे, फाइलचा आकार तपासावा आणि महिन्यातून एकदा तरी तो डंप वेगळ्या मशीनवर उतरवून पाहावा. यातल्या शेवटच्या तपासणीला माझ्या मते पर्याय नाही. त्रुटींचे संदेश 'डेव्ह-नल'मध्ये (येईल ते टाकून देणाऱ्या खास फाइलमध्ये) ढकलणे तर पूर्णपणे बंद करावे.

आता सुरक्षेकडे वळू. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करण्यासाठी एसएसएच वापरतात; स्वयंचलित कामासाठीच्या एसएसएच कीला बहुधा पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) नसतो, म्हणून तिचे अधिकार आवळावे लागतात. लॉगिनची मुभा असलेल्या कींची यादी असणाऱ्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये त्या कीच्या ओळीआधी 'रिस्ट्रिक्ट' (जादा सोयी बंद), ठरावीक 'कमांड' (तेवढीच आज्ञा चालेल) आणि 'फ्रॉम'मध्ये आयपी पत्ता (तिथूनच लॉगिन होईल) लिहिल्यास ती की चोरीला गेली तरी तिचा गैरवापर फार मर्यादित राहतो. शक्य असेल तिथे मुख्य सर्व्हरने बॅकअप पाठवण्याऐवजी बॅकअप सर्व्हरने तो फक्त वाचण्याच्या परवानगीने ओढून घ्यावा. अन्यथा मुख्य सर्व्हरमध्ये शिरलेला हल्लेखोर तीच की वापरून जुने बॅकअपही पुसू शकतो.

सूडोमध्ये (साध्या युजरला रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या सोयीत) पासवर्डशिवाय सर्व आज्ञांची मुभा देऊ नये. एकाच स्क्रिप्टला मुभा दिली, पण ती फाइल त्याच युजरला बदलता येत असेल, तर त्याला रूटचेच अधिकार दिल्यासारखे होते. अशी स्क्रिप्ट व तिचे फोल्डर रूटच्या मालकीचे असावे. डेटाबेसचा पासवर्ड आज्ञेच्या ओळीत न लिहिता ६०० परवानगीच्या (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणाऱ्या) फाइलमध्ये ठेवावा.

एसएसएचची सेटिंग्ज बदलल्यावर 'एसएसएचडी -टी' (इंग्रजी लहान लिपीतला t) चालवून फाइल तपासावी, मगच सेवा रीलोड करावी, आणि दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन यशस्वी होईपर्यंत चालू सत्र बंद करू नये.