क्रोमा की शिकताय? हिरवं उडवण्याआधी हे वाचा

"क्रोमा कुठल्या सॉफ्टवेअरमधे शिकू?" असं बरेच जण विचारतात, तर आधी तेच सांगून टाकतो. क्रोमा की म्हणजे हिरव्या किंवा निळ्या पडद्यापुढे शूट करायचं, मग सॉफ्टवेअरने तो रंग उडवून मागे दुसरं चित्र लावायचं. दा विंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन टाका, त्यात फ्यूजन पेजवर डेल्टा कीअर हे हिरवं उडवायचं टूल आहे. आफ्टर इफेक्ट्स असेल तर कीलाइट हे तसंच टूल सोबतच येतं, आणि पुढे स्टुडिओत जायचं असेल तर न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरचं नॉन-कमर्शियल व्हर्जन घरी शिकायला फुकट मिळतं. मी लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगपासून सुरुवात केली आणि आता मुंबईत कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममधे जोडायचं काम, करतो, सगळी टूल्स हाताखालून गेलीत, सगळ्यांच्या पोटात गणित जवळपास एकच आहे आणि ते एकदा कळलं की स्लायडर चाचपडत बसावं लागत नाही.

गणित असं. समजा स्क्रीनच्या पिक्सेलमधे लाल 60, हिरवा 180, निळा 70 आहे. हिरव्यातून उरलेल्या दोघांपैकी मोठा वजा करा, म्हणजे 180 वजा 70, आले 110. ही झाली पूर्ण स्क्रीन. आता गालाचा पिक्सेल घ्या, 200, 150, 120, इथे वजाबाकी शून्याच्या खाली जाते म्हणजे स्क्रीन अजिबात नाही, पूर्ण माणूस. आणि केसाच्या टोकाचा पिक्सेल समजा 50, 90, 45 आहे, तर 90 वजा 50, आले 40, म्हणजे 110 च्या मानाने साधारण 36 टक्के स्क्रीन आणि 64 टक्के केस. हा मधला आकडा म्हणजेच कीइंग! हा कलर डिफरन्सचा विचार हॉलीवूडचे तंत्रज्ञ पेट्रो व्लाहोस यांनी 1950 च्या दशकात फिल्मवर, निळ्या स्क्रीनसाठी, लॅबमधे करून दाखवला होता, आज आपण तोच सॉफ्टवेअरच्या एका नोडमधे, म्हणजे एका ठोकळ्यात, करतो.

आता नवीन लोक काय करतात, क्रोमा की मारली, अल्फामधे (माणूस पांढरा आणि स्क्रीन काळी दाखवणारं चित्र, यालाच मॅट म्हणतात) पाठीमागे थोडा करडा कचरा दिसला, की क्लिप ब्लॅक (ज्याच्या खालचं सगळं काळं होतं तो स्लायडर) वर ओढतात, अंगात भोकं दिसली की क्लिप व्हाइट (ज्याच्या वरचं सगळं पांढरं होतं तो) खाली ओढतात, आणि मॅट एकदम कडक काळी-पांढरी झाली की खूश. पण त्या ओढाओढीत तो 64 टक्केवाला पिक्सेल मेला, म्हणजे केस गेले, आणि माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. एकाच कीमधून सगळं काढायचा हट्ट सोडा. पाठीमागचे स्टँड, स्क्रीनची शिवण, कोपऱ्यातला अंधार हे सगळं हाताने मास्क काढून आधीच उडवा, त्याला गार्बेज मॅट म्हणतात. मग एक कडक की, फक्त अंगाच्या आतल्या भागासाठी, कडा थोडी आत सरकवून, ही कोअर मॅट. आणि एक मऊ की फक्त कडांसाठी, तिच्यात केस जपायचे, बाकी भोकं पडली तर पडू देत, कोअर मॅट भरून काढते.

फुटेजवर तर खूपच अवलंबून असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांचं आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग 4:2:0 असतं, म्हणजे चित्र 1920×1080 दिसलं तरी रंगाची माहिती 960×540 च असते आणि आपण तर रंगावरच कापतोय, म्हणून कडेला पायऱ्या दिसतात. जमलं तर 4:2:2 10 बिट शूट करा, त्यात रंगाची माहिती जास्त राहते, नाहीच तर फोरकेमधे शूट करून एचडीमधे आणा, मग एचडीच्या हिशोबाने रंग पुरा मिळतो. कॅमेऱ्याचं शार्पनिंग बंद किंवा एकदम कमी ठेवा. माणूस स्क्रीनपासून निदान सहा-आठ फूट पुढे, स्क्रीनला वेगळे लाइट आणि वेव्हफॉर्मवर (उजेडाची पातळी दाखवणारा आलेख) हिरव्याची रेघ जितकी बारीक आणि सपाट तितकं तुमचं रात्रीचं काम कमी.

आपल्याकडच्या लग्नाच्या कामात एक गोष्ट हमखास आडवी येते ती म्हणजे हिरवा चुडा. नवरीला हिरव्या स्क्रीनपुढे उभं केलं की मनगटच गायब, वर काचेच्या बांगड्या, त्यात स्क्रीनचं प्रतिबिंब, ते वाचवायला फ्रेम-फ्रेम रोटो, म्हणजे हाताने कडा आखून मास्क, करावा लागतो. म्हणून आदल्या दिवशीच फोन करून कपडे-दागिने विचारा. चुडा असेल तर निळा पडदा लावा, आणि पैठणी निळी-मोरपंखी निघाली तर क्लायंटला सरळ सांगा की हा शॉट खऱ्या लोकेशनवर घेऊ.

स्पिल, म्हणजे स्क्रीनवरून अंगावर-कपड्यांवर पडलेला हिरवा उजेड, काढतानाही कपड्यांचा रंग बघावा लागतो. डीस्पिलमधे (स्पिल काढायच्या टूलमधे) हिरव्याला लाल-निळ्याच्या सरासरीवर अडवलं तर हळदीचा पिवळा, समजा 220, 190, 40, त्याचा हिरवा थेट 130 वर येतो आणि पिवळी साडी केशरी होते. तिथे सरासरी नको, दोघांतला मोठा आकडा ही मर्यादा ठेवा, पिवळा हलत नाही. चेहऱ्याला एक डीस्पिल आणि साडीला दुसरा असं मास्क लावून केलं तरी चालतं, मी तर सर्रास करतो.

कामाचं विचाराल तर बऱ्याच स्टुडिओत नवीन माणसाला आधी रोटो आणि पेंटला (फ्रेममधलं नको ते पुसायला) बसवतात, नाराज होऊ नका, कडा वाचायची नजर तिथेच तयार होते. शोरीलमधे, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या व्हिडिओत, ट्यूटोरियलसोबत मिळणारं स्वच्छ फुटेज टाकू नका, ते सगळ्यांकडे असतं. स्वतः वाईट लाइटमधे शूट करा, उडते केस, हलणारा हात, पातळ ओढणी, आणि प्रत्येक शॉटचं आधीचं फुटेज, मग अल्फा, मग फायनल असं दाखवा. मी कोणाची रील बघतो तेव्हा अल्फावर पॉज करतो आणि कानामागचे केस बघतो.