जुन्या पिकअपला अल्टरनेटर बसवण्याआधी पंपात तेल सोडा

मोंढ्यावर माल नेणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपला जुना काढून दुसरा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बसवला, चार्जिंग सुरू झालं, पण ब्रेक मात्र दगडासारखा कडक. अशा बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप, म्हणजे हवा ओढून ब्रेक पायाला हलका करणारा पंप, अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. तो कोरडा फिरला की आतली पाती घासतात आणि नवा माल पहिल्याच दिवशी खराब होतो.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. वायरी आणि पाइपांचा मोबाइलवर फोटो घ्या.

२. जुना नि नवा शेजारी ठेवून पुलीच्या खाचा, बोल्टचे कान आणि प्लग ताडून बघा. हे दुकानातच करा, म्हणजे तालुक्याला परत खेटा पडत नाही.

३. पंपात तेल जातं त्या तोंडातून दोन-तीन चमचे स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि पुली हातानं सावकाश फिरवा, इंजिन फिरवतं त्याच दिशेनं. दुसऱ्या तोंडाशी तेलाचा ओलावा दिसला की समजा, पाती भिजली. खरं काम हेच आहे, घाईत सोडू नका.

४. तेलाच्या पाइपला तांब्याचे वॉशर नवेच टाका. जुने हमखास गळतात.

इंजिन चालू करून बॅटरीवर मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. ब्रेक पायाला मऊ लागेपर्यंत गाडी जागची हलवू नका.

चार्जिंग तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची सवय अनेक मिस्त्रींना असते. तसं करू देऊ नका, व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर जळू शकतो.