‘तत्रैव’ सगळ्यात शेवटी

निबंधात मध्येच नवी तळटीप घातली की खालचं ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्या तळटिपेतलंच पुस्तक’) भलत्याच पुस्तकाचं होऊन बसतं. वर्ड आकडे बदलतं, ‘तत्रैव’ नाही.

१. पुस्तक परत करण्याआधी शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू मोबाइलमध्ये टिपा. आवृत्ती, साल तिथेच असतं. (मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसते, साल बघायला पुन्हा स्टेशनपर्यंत येणं नको वाटतं.)

२. कंट्रोल-आल्ट-एफ दाबून तळटीप घाला. पहिल्यांदा पूर्ण नोंद.

३. नंतर दरवेळी फक्त आडनाव, छोटं शीर्षक, पान. संदर्भ देण्याची शिकागो शैलीही २०१७ च्या आवृत्तीपासून हेच सुचवते.

विभागाला ‘तत्रैव’च हवं असेल, तर मजकूर पूर्ण पक्का झाल्यावरच घाला.