लिस्बनमध्ये हाती एकच दिवस असेल तर

जहाजावर रुजू व्हायला निघालेला तरुण असो किंवा युरोपात स्थायिक झालेल्या लेकीकडे चाललेले आईवडील असोत, कोकणातल्या माणसाच्या वाट्याला लिस्बन येते ते बहुधा दोन प्रवासांच्या मधल्या एका दिवसापुरते. रेवदंडा आणि कोर्लईचे किल्ले ज्या पोर्तुगीज सत्तेने उभारले तिची ही राजधानी असल्याने तो दिवस विमानतळावर पेंगत घालवू नये, हे खरे; पण सगळे शहर पालथे घालण्याचा अट्टहासही धरू नये. सकाळी पश्चिमेकडचे बेलेम, दुपारी मधली पेठ, उतरत्या उन्हात आल्फामा ही टेकडीवरची जुनी वस्ती आणि शेवटी नदीवरची फेरीबोट, एवढा क्रम ठेवला तर दहा-बारा तासांत शहर बऱ्यापैकी उमगते. शहराबाहेरच्या सिंत्रा गावचे राजवाडे कितीही खुणावत असले तरी ते या दिवसातून वगळावेत, कारण तिथे जाण्यायेण्यात आणि रांगांत अर्धा दिवस सहज जातो.

विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा काढावा लागतो, म्हणून ही तयारी घरूनच करून निघावे. दिवस शक्यतो सोमवार नसावा, कारण त्या दिवशी बेलेममधला जेरोनिमोसचा मठ बंद असतो. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचलाच; हिवाळ्यात जाणाऱ्यांनी त्या हिशेबाने फेरीबोट लवकर धरावी.

जड सामान विमानतळावरच ठेवण्याची सोय आहे, तिचा लाभ घ्यावा. विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका सुटते. अलामेदा स्थानकात उतरून हिरव्या मार्गिकेने कैश दु सोद्रे हे शेवटचे स्थानक गाठावे. मेट्रोच्या यंत्रातून प्रत्येकाने स्वतंत्र नावेगांते कार्ड घ्यावे, कारण एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही, आणि त्यात आगाऊ पैसे भरून ठेवावेत. मेट्रो, ट्राम, बस, लोकल आणि फेरीबोट या सर्वांना तेच कार्ड चालते. बेलेमला जाण्यासाठी बहुतेक पर्यटक पंधरा क्रमांकाच्या ट्रामला लोंबकळतात, परंतु कैश दु सोद्रेहून सुटणारी कश्काइशची लोकल सात-आठ मिनिटांत तिथे पोहोचवते आणि डाव्या खिडकीतून टॅगस नदी दिसते ती वेगळीच.

बेलेममध्ये आधी मठाच्या रांगेत उभे राहावे, बाकीचे नंतर पाहावे. राजा मानुएल पहिला याने 1501 च्या सुमारास हे बांधकाम सुरू केले आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरच्या पाच टक्के करातून आला. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या मिरी-मसाल्यांचा पैसा या दगडांत मुरला आहे. खांबांजवळ जाऊन निरखावे. पिवळसर चुनखडीत जहाजाचे पीळदार दोर, त्यांच्या गाठी, समुद्री वनस्पती आणि कड्यांचे आकाशगोल कोरले आहेत, आणि ज्याने होडीवर दोर ओढला आहे त्याला ती गाठ दगडातही ओळखू येते. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. तो 1524 मध्ये कोचीत मरण पावला, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले आणि 1880 मध्ये इथे ठेवण्यात आले. परवान्याशिवाय समुद्रात गलबत घालायला पोर्तुगीजांनी आपल्या किनाऱ्यावर बंदी केली होती, याची आठवण त्या समाधीपाशी झाल्याशिवाय राहत नाही. तरी कारागिरीला दाद द्यावीच लागते.

मठातून बाहेर पडल्यावर नदीकाठाने बेलेमच्या बुरुजापर्यंत चालत जावे. तो बाहेरून पाहिला तरी पुरे, कारण आत अरुंद जिना आणि लांब रांग यांपलीकडे फारसे हाती लागत नाही. बुरुजाच्या एका कोपऱ्याखाली गेंड्याचे झिजलेले डोके कोरले आहे ते मात्र शोधावे. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह दुसरा याने भेट दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने 1515 मध्ये लिस्बनला पोहोचला आणि सगळे युरोप चकित झाले, त्याची ती खूण मानली जाते. परतताना 1837 पासून चालू असलेल्या दुकानातले पास्तेल, म्हणजे कस्टर्ड भरलेली खुसखुशीत छोटी वाटी, खावे; वर दालचिनीची पूड भुरभुरून ते गरमच खायचे असते. त्यात अंडे असते, हे शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

जेवणासाठी कैश दु सोद्रेला परतून आतल्या गल्लीतली साधी खाणावळ निवडावी. उन्हाळ्यात जाडे मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेली तारली अवश्य मागवावी. सोबत उकडलेले बटाटे येतात, तिखटाची मात्र अपेक्षा ठेवू नये. बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात ते पाहुणचार म्हणून नसते, खाल्ले की बिलात लागते. नको असल्यास तेव्हाच परत पाठवावे, कोणी वाईट मानत नाही.

तिथून नदीकाठाने चालत प्रासा दु कोमेर्सियु या भव्य चौकात यावे. इथे पूर्वी राजवाडा होता. 1 नोव्हेंबर 1755 रोजी सकाळी भूकंप, पाठोपाठ त्सुनामी आणि मग आग अशा तिहेरी संकटात तो आणि आजूबाजूचे शहर नष्ट झाले. नंतर राजाचा मंत्री पोम्बालचा मार्क्विस याच्या देखरेखीखाली सरळ रस्त्यांची ही पेठ नव्याने आखण्यात आली, म्हणूनच इथे वाट चुकत नाही. सांता जुस्ता या 1902 च्या लोखंडी उद्वाहनाखालची रांग पाहून मागे फिरावे. वरच्या अंगाला असलेल्या कार्मोच्या चौकात चालत गेले की भूकंपात छप्पर गमावलेला मठ दिसतो आणि उद्वाहनाच्या वरच्या पुलाकडेही जाता येते.

आल्फामासाठी एकच युक्ती आहे: चढ बसने चढावा आणि उतार पायी उतरावा. प्रासा दा फिगेरा या चौकातून 737 क्रमांकाची बस टेकडीवरच्या किल्ल्यापाशी नेते. किल्ल्यात न शिरता पोर्तास दु सोलच्या सज्जावरून खालची लाल कौले आणि नदी पाहावी, मग बोळांतल्या पायऱ्यांनी जुन्या कॅथेड्रलपर्यंत यावे. फरसबंदीचे लहान पांढरे दगड पायाखाली इतके गुळगुळीत झालेले असतात की पावसाच्या सरीनंतर शेवाळलेल्या पाखाडीसारखे निसरतात, तेव्हा चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत. अठ्ठावीस क्रमांकाच्या पिवळ्या ट्रामचा फोटो बाहेरूनच काढावा. आत गर्दी असते आणि पाकीटमारांसाठी ती कुप्रसिद्ध आहे.

शेवटी कैश दु सोद्रेहून पलीकडच्या काठावरच्या कासिल्यासची फेरीबोट पकडावी. दहा मिनिटांत पैलतीर येतो, वाटेत 1966 चा लाल झुलता पूल दिसतो आणि परतीच्या फेरीत संपूर्ण शहर टेकड्यांवर पसरलेले समोर येते. पर्यटकांच्या महागड्या सहलबोटींपेक्षा कामावरून घरी परतणाऱ्यांची ही बोट केव्हाही सरस. मेट्रो रात्री एकपर्यंत धावते, पण शेंगेनबाहेर जाणाऱ्या विमानासाठी पासपोर्ट तपासणीची रांग वेगळी असते. म्हणून सुटण्याच्या वेळेआधी तीन तास विमानतळावर असावे, आणि ठेवलेले सामान सोडवून घ्यायला लागणारा वेळ त्याआधीचा धरावा.