सायनस आणि अँटिबायोटिक: या चुका टाळा

पावसाळा लागला की नौपाड्यातल्या आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज हेच: "दादा, सर्दी पिकलीय, ती तीन गोळ्यांची स्ट्रिप द्या." म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. स्ट्रिपवरची लाल रेघ दाखवून चिठ्ठी मागितली की लोक चिडतात. चिडू देत.

शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरिया, हा समज काही केल्या जात नाही. तो रंग पांढऱ्या पेशींमुळे येतो, साध्या व्हायरल सर्दीतही येतो. अशा सर्दीचा बॅक्टेरियल सायनस शंभरात जेमतेम एक-दोघांना होतो. त्यामुळे मी आधी विचारतो, सर्दी कोणत्या तारखेला सुरू झाली? दहा दिवस उलटूनही उतार नसेल, उतरलेली सर्दी तापासकट पुन्हा उसळली असेल, किंवा सुरुवातीपासून सलग तीन-चार दिवस १०२च्या वर ताप, पुवासारखा शेंबूड आणि गाल ठणकत असेल, तर डॉक्टरकडे जा. तेव्हाही बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडसोबत, मोठ्यांना साधारण पाच ते सात दिवस लिहून देतात. अ‍ॅझिथ्रोला न्यूमोकोकस, म्हणजे सायनस करणारा एक नेहमीचा बॅक्टेरिया, आता फारसा दाद देत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

दुसरी चूक नाकातल्या ड्रॉप्सची. घोडबंदर रोडला राहणारा एक तरुण सतत ऑक्सिमेटाझोलिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारे ड्रॉप्स, न्यायचा. खिशातल्या बाटलीचं लेबल घासून कोरं झालेलं, आणि माझ्याशी बोलता बोलताच त्याने दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. सायनस समजून कुठून कुठून मिळवलेले अँटिबायोटिकही अर्धवट खाऊन झाले होते. मी ड्रॉप्स द्यायचं नाकारलं आणि त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पिटाळलं. निघालं काय, तर ड्रॉप्सच्या अतिवापरानेच नाक चोंदत होतं. डॉक्टरांनी ते बंद करून स्टिरॉइड स्प्रे दिला. सुरुवातीच्या रात्री वाईट गेल्या, मग नाक सुटलं. हे ड्रॉप्स तीन दिवस, फार तर पाच. बाटली उघडली की मी तिच्यावर तारीख टाकतो, तुम्हीही टाका.

बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका, आणि उरलेल्या घरात दुसऱ्याला देऊ नका. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको. एकाच बाजूचा गाल आणि वरची दाढ दुखत असेल तर दात दाखवा.

डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठरणं, किंवा मधुमेह असताना नाकातून काळपट स्राव असं काही दिसलं, तर मेडिकलमध्ये येऊच नका, थेट हॉस्पिटल गाठा. २०२१चा म्युकर, म्हणजे काळी बुरशी, आमच्या ठाण्यानेही पाहिलाय.